कोल्हापूर ते बफेलो : सोळा तासांच्या विमानाचे साडेचाळीस तास

एम.एस.साठी अमेरिकेला निघालो तेव्हा मुंबई ते न्यूयॉर्क १६ तास एवढेच तिकिटावर पाहिले होते आणि प्रवास म्हणजे तेवढाच, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या घरातून निघून बफेलोतल्या खोलीचे कुलूप उघडेपर्यंत साडेचाळीस तास लागले.

पहिला घोळ तारखेचा होतो. रविवारी रात्री दीडचे विमान याचा अर्थ शनिवारी रात्री दहापर्यंत विमानतळावर हजर असणे. कोल्हापूर–मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास असले, तरी ऑगस्टमधला पाऊस आणि घाटातली कोंडी लक्षात घेऊन आम्ही शनिवारी सकाळी अकरालाच निघालो, आणि ते बरेच झाले.

मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. दुबईमार्गे गेल्यास मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि पुढे सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे अंतर जेमतेम चार-पाचशेने वाढते. वेळ खातो तो मधला मुक्काम. शिवाय विमाने उडतात त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे जाताना विमानाला त्यांच्याविरुद्ध जावे लागते आणि येताना त्यांचीच साथ मिळते, म्हणून परतीचा प्रवास साधारण दीड तासाने कमी भरतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे सोळा तास उडूनही मी रविवारी सकाळी आठलाच उतरलो.

बफेलोचे विमान ९ वाजून ४० मिनिटांनी होते. एक तास चाळीस मिनिटे भरपूर आहेत, असे तिकीट काढणाऱ्याने सांगितले होते आणि मीही मान डोलावली होती. मात्र अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरतो तिथेच इमिग्रेशन होते, तिथेच सामान ताब्यात घ्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी ते पुन्हा सोपवावे लागते. रांगेतच दोन तास गेले. बाहेर येऊन पाहतो तो पट्टा थांबलेला, आणि आईने मुठीला लाल नाडी बांधलेली माझी बॅग कोणीतरी उतरवून खांबाशी उभी करून ठेवलेली. विमान केव्हाच गेले होते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असल्याने दुपारी साडेतीनच्या विमानात पैसे न भरता जागा मिळाली. वेगवेगळी तिकिटे काढून चार पैसे वाचवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला फॉर्म) आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेतच ठेवावेत, हे तर सांगायलाच नको.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचे तिकीट काढताना मी मध्ये साडेचार तास ठेवले. ती दीड तासात मोकळी झाली आणि पुढच्या विमानाच्या दारापाशी बसून घरचे धपाटे खाताना, एवढा वेळ कशाला ठेवलास म्हणून तिने मला फोन केला.