बिननावाच्या निगेटिव्ह ओळखताना या चुका टाळा

आमच्या नागपूरच्या सीताबर्डीतल्या फोटो लॅबमध्ये काउंटरखाली चिवड्याचा एक जुना डबा आहे, त्यात सगळ्या बेवारस निगेटिव्ह. कुठं पाकीट फाटलं, कुठं नंबरचा स्टिकर निघाला, असं करत करत भरला. आता लोकं स्कॅनिंगला येतात नं, तेही घरून असाच डबा घेऊन येतात, भाऊ बघा बरं यात बाबांच्या लग्नाच्या कोणत्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेहरे बघत बसणं. एक काकू लाईट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, बोट ठेवून म्हणे हे आमचे सासरे, केस पांढरे आहेत नं. अहो काकू निगेटिव्ह आहे ती, पांढरे दिसतात म्हणजे काळे आहेत! मोबाईलवर रंग उलटे करून दाखवले तर निघाला त्यांचा दीर, कॉलेजात असतानाचा.

आधी काठ वाचा. छिद्रांच्या बाजूला कंपनीचं नाव, फिल्मचा कोड अन 1, 1ए, 2, 2ए असे नंबर असतात, ते कंपनीतूनच येतात, रोल धुतला, म्हणजे डेव्हलप केला, की दिसतात. अक्षरं सरळ वाचता आली की चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे, खालची मंद बाजू म्हणजे इमल्शन, फोटो ज्याच्यात असतो तो थर, तिला बोट लावायचं नाही. उलटी स्कॅन केली तर पदर दुसऱ्याच खांद्यावर जातो आणि घरचे म्हणतात ही कोण बाई.

नारिंगी म्हणजे कलर, राखाडी म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट, हे बहुतेकदा खरं, पण कोडॅकचा बीडब्ल्यू४००सीएन ब्लॅक अँड व्हाईट असूनही नारिंगीच दिसतो, म्हणून कोड बघाच.

एकाच रोलच्या कापलेल्या पट्ट्या जुळवताना फक्त नंबरावर जाऊ नका. एका लग्नात एकाच फिल्मचे चार रोल असतात, तर 13 नंबरची पट्टी चारही रोलांत आहे. कापलेल्या कडेची तिरपी रेघ जुळते का बघा, किंवा कॅमेऱ्यानं लांबीभर पाडलेला ओरखडा दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी आहे का बघा, आम्ही तर त्याच्यावरच जास्त भरोसा ठेवतो.

पट्टी कोरी दिसली म्हणून लगेच लॅबला शिव्या नका देऊ. काठावरचे नंबर दिसतात अन फ्रेम कोऱ्या, तर रोल धुतला बरोबर, फोटोच नाही पडले, बहुतेक कॅमेऱ्यात रोल सरकलाच नसेल. नंबरही गायब असतील तर मात्र धुण्यातच घोळ. अन नंबरांसकट सगळं काळंठिक्कर, तर रोलला लाईट लागला.

ओलीनं चिकटलेल्या पट्ट्या नखानं ओढू नका, इमल्शन सोलून येतं. अन नाव लिहायचं ते पाकिटावर, निगेटिव्ह आत टाकायच्या आधी.

काकू ती पट्टी दीराला दाखवायला घेऊन गेल्या, पाकिटावर मात्र अजून सासऱ्यांचंच नाव आहे.