पाटी-पेन्सिलीच्या आधी: अंगणवाडीतले तीन तास कसे वापरावेत

अंगणवाडीत नाव घातलं की पंधरा दिवसांत पालक विचारायला लागतात, "बाई, अजून अ आ लिहायला लावलं नाही व्हय?" इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी रोज गल्लीतून जाते, त्यामुळे हा प्रश्न येणारच. पण त्या दडपणाखाली साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल आणि चौकटीची वही देऊ नका. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात आणि एकेक करून हाड बनत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातली निम्मीच झालेली असतात. असं मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांद्यातून जोर लावतं, कागद फाडतं. मुठीत धरायची सवय एकदा लागली की पहिलीत गेल्यावर ती मोडणं फार अवघड जातं.

आधी खांदा, मग तळवा, मग बोटं, असा हात तयार होतो. खेळही त्याच क्रमानं द्या. पहिले दोन महिने ओल्या कुंचल्यानं भिंतीवर पाण्याचे मोठे पट्टे ओढणं, चेंडू फेकणं, ओलं फडकं पिळणं. मग माती. मग पावट्याच्या शेंगा सोलणं, झेंडूची फुलं ओवणं, कागद फाडून चिकटवणं. कात्री त्याच्याही नंतर. खडू द्यायचा तर दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाच द्या. तुकडा एवढा लहान असला की मुठीत धरताच येत नाही, चिमटीत धरावा लागतो.

मातीला रोज वेळ द्या. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, सुमाराला कुंभार मातीचे बैल करत असतो, तेव्हाच त्याच्याकडून चार-पाच किलो मळलेली माती आणून ठेवा. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवली की बरेच दिवस टिकते. रानातली काळी माती नको. वाळताना ती आक्रसते, बैलाचे पाय तडकतात आणि सकाळी तुटका बैल बघून मूल दिवसभर हिरमुसलेलं राहतं. एका वेळी पाच मुलं, प्रत्येकाला मोठ्या लिंबाएवढा गोळा. "बैल कर" असं सांगू नका. आधी नुसतं थापू द्या, वळू द्या. जत, आटपाडीकडं वारा कोरडा, तिथं अर्ध्या तासात गोळा कडक होतो, म्हणून शेजारी ओलं फडकं ठेवा. पाटण, जावळीत पावसाळ्यात उलटं होतं, आठवडा गेला तरी वाळत नाही, तिथं बोटभर जाडीच्याच वस्तू करू द्या.

माती मिळाली नाही तर कणकेचा गोळा करा. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि अंदाजे पाऊण वाटी पाणी, तेही थोडंथोडं घालत. मिठामुळे गोळा लवकर आंबत नाही आणि तोंडात घातला तरी मूल थुंकून टाकतं. पावसाळी हवेत मीठ पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा वरून कणीक भुरभुरवा. बोटाला कापलेलं असेल त्या मुलाला हा गोळा देऊ नका, फार चुरचुरतं.

साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला गोल काढता येतो, चौथ्याला फुली, पुढे चौकोन आणि पाचव्याच्या सुमाराला त्रिकोण. तिरकी रेघ सगळ्यात शेवटी येते. त्रिकोण जमत नाही तोवर अक्षर गिरवून घेण्यात काही हशील नाही.

हाताइतकीच तयारी कानाची. शब्द टाळ्यांत तोडायचा खेळ रोज पाच मिनिटं घ्या. सा-ता-रा, तीन टाळ्या. मि-रज, दोन. क-राड, दोन. इथं एक चूक हमखास होते. मूल "सांग-ली" म्हणत दोन टाळ्या वाजवतं आणि बाई सुधारतात, "सां-ग-ली, तीन." मूलच बरोबर असतं. ते ऐकू येणारं तोडतं, आपण लिहिलेलं मोजतो. त्याला कानावर विश्वास ठेवू द्या, पुढे वाचताना तोच कामाला येतो.

मग बोलणं. पंचवीस मुलांत गप्प बसणारी चार-पाच असतात आणि दिवसभर कुणीच त्यांच्याशी बोललेलं नसतं. त्यांची नावं सकाळीच हजेरीवर खुणेनं टिपा आणि प्रत्येकाशी दोन-तीन मिनिटं बोला. मूल म्हणालं, "बैल पळाला," तर "शाब्बास" म्हणून पुढे जाऊ नका. "कुणाचा? कुठं पळाला?" विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबा. हे थांबणंच जड जातं. आपण दुसऱ्या सेकंदाला उत्तर पुरवतो आणि मूल पुन्हा गप्प होतं.

जतच्या सीमेवरच्या गावांत मूल घरी कानडी बोलतं. दहा शब्द तुम्ही शिकून घ्या: नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, बा म्हणजे ये, साकु म्हणजे पुरे. तहान लागलेली सांगता येत नाही म्हणून रडणारं मूल हट्टी नसतं. गाळप हंगामात बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची मुलं कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, येतात. ती मार्चपर्यंतच असतात म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवू नका. बाळाचं आधार कार्ड नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते, तेव्हा कागदासाठी कुणाला परत पाठवू नका. पहिल्या दिवशी त्यांच्या बोलीतलं एखादं गाणं किंवा खेळ सगळ्यांना शिकवायला सांगा.

नव्या मुलाची आई गुपचूप निघून गेली की ते मूल महिनाभर दाराकडंच बघत बसतं. पहिले तीन-चार दिवस आईला आत बसू द्या, मग निरोप घेऊनच जायला सांगा. "बारा वाजता येते" त्याला कळत नाही. "खिचडी खाऊन झाली की येते" कळतं, आणि तसं खरंच यायला हवं.

तीन तासांची मांडणी साधी ठेवा. आल्या आल्या पाऊण तास कोपऱ्यांत मुक्त खेळ: ठोकळे, बाहुलीघर, माती, पुस्तकं. मग गोलात गाणी-गप्पा, तीन वर्षांच्यांसाठी दहा-बारा मिनिटं पुष्कळ. मग बाहेर, आहार, शेवटी गोष्ट. एकच गोष्ट आठवडाभर सांगा. गुरुवारपर्यंत मुलं पुढचं वाक्य स्वतः म्हणतात. बैठं काम सलग ताणलं की चावणं-ढकलणं सुरू होतं. तो मुलांचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे.

चिंचोके, गजगे, मणी मोजायला उत्तम, पण धाकट्या भावंडांच्या हाती लागले की नाकात जातात. 3.2 सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून जी वस्तू पडते ती तीन वर्षांखालच्यांसाठी धोक्याची. पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडून ठेवा. चिंचोके देताना आणि घेताना मोजा. अख्खे शेंगदाणे लहानांना देऊ नका, कूटच द्या.

आहारात रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं हवीत हे प्रमाण ठरलेलं आहे. ते पोटात जातंय का, हे ताटात उरलेलं बघून कळतं. वजन दर महिन्याला घ्या. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर वाट न बघता त्याच दिवशी आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा.

राहिला पालकांचा प्रश्न. प्रत्येक मुलाच्या नावाची एक पिशवी खुंटीला टांगा आणि महिन्याला त्याचं एक चित्र तारीख घालून तीत ठेवा. पालकसभेत जून आणि डिसेंबरची चित्रं शेजारी ठेवून दाखवा: जूनमध्ये नुसत्या रेघोट्या, डिसेंबरमध्ये हात-पाय फुटलेला माणूस. मग आईलाच मुलाशेजारी बसवून मातीचा गोळा वळायला द्या.