रस्त्यावरचे मृत जनावर उचलले जावे यासाठी तक्रार कशी करावी

घरासमोरच्या रस्त्यावर एखादे जनावर वाहनाखाली येऊन मेलेले दिसले की बहुतेक जण नाकाला रुमाल लावून पुढे जातात आणि कोणीतरी कळवले असेलच, असे गृहीत धरतात. सगळेच असे गृहीत धरत असल्यामुळे दोन-दोन दिवस कोणीच कळवलेले नसते. म्हणून आपल्या नजरेस पडले तर आपणच कळवावे आणि त्याच दिवशी कळवावे. घाई केवळ दुर्गंधीसाठी नाही. रस्त्यात पडलेले कलेवर खायला कावळे, घारी, कुत्री येतात आणि खाण्यात गुंतलेले असताना त्यांतलेच एखादे पुढच्या गाडीखाली सापडते. रात्री ते चुकवायला दुचाकीस्वार एकदम हँडल वळवतो आणि पडतो. उबदार हवेत माश्या काही तासांत, कधी काही मिनिटांतच, त्यावर अंडी घालतात आणि साधारण दिवसभरात अळ्या बाहेर पडू लागतात. सकाळी कळवलेले लहान जनावर एक माणूस एका पिशवीत घालून नेऊ शकतो. तेच तिसऱ्या दिवशी फावड्याने खरवडून काढावे लागते. हे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याचाही विचार आपण करायला हवा.

फोन करण्याआधी जनावर खरोखर मेले आहे ना, हे पाहावे. धडकेने बेशुद्ध झालेले जनावर निपचित पडून राहते, म्हणून सुरक्षित अंतरावर उभे राहून मिनिटभर त्याच्या बरगड्यांकडे लक्ष द्यावे. श्वास चालू असेल तर आधी पशुवैद्य किंवा प्राणी वाचवणारे पथक यांना बोलवावे. मादी असेल तर आसपासच्या झुडपांत, गटारात पिल्ले आहेत का, तेही पाहावे. ऑस्ट्रेलियात कांगारू किंवा पोसम यांची मादी मेली तरी तिच्या पोटावरच्या पिशवीतले पिल्लू जिवंत असू शकते, आणि ते स्तनाग्राला धरून असेल तर ओढून काढू नये, असे तिथले वन्यजीव कार्यकर्ते आवर्जून सांगतात.

कलेवर स्वतः बाजूला ओढावे का, हा प्रश्न हमखास मनात येतो. भरधाव रस्त्यावर उतरून ते करू नये, एवढे माझे ठाम मत आहे. आतल्या शांत रस्त्यावर, दिवसाउजेडी आणि हातात जाड मोजे असतील, तर लांब दांड्याच्या फावड्याने ते कडेला सारायला हरकत नाही. तरीही दोन प्रसंगी मुळीच हात लावू नये. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर तो अपघात नसून बर्ड फ्लूसारख्या आजाराची लागण असू शकते, म्हणून ती बातमी थेट पशुसंवर्धन विभागाला द्यावी. तसेच गाय, शेळी, मेंढी अशा जनावराच्या अंगावर धडकेची खूण नसेल आणि नाकातोंडातून न गोठलेले काळसर रक्त येत असेल, तर अँथ्रॅक्सची शक्यता लक्षात घेऊन दूर राहावे. कारण कलेवर फुटून त्यातल्या जिवाणूंचा हवेशी संबंध आला की ते बीजाणू तयार करतात आणि हे बीजाणू मातीत कित्येक दशके टिकतात. कुत्रा, कोल्हा, वटवाघूळ यांची लाळ किंवा मेंदूचा अंश उघड्या जखमेला लागला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच डॉक्टर गाठावा.

आता मुख्य कामाकडे वळू. तक्रार बहुधा अडते ती कर्मचाऱ्यांच्या आळसापेक्षा हद्दीच्या प्रश्नामुळे. रस्ता कोणाचा, हे ठरल्याशिवाय कोणतेही कार्यालय गाडी पाठवत नाही. वस्तीतले रस्ते सामान्यतः नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचे असतात आणि तिथे स्वच्छता किंवा घनकचरा विभागाकडे तक्रार जाते. मोठे मार्ग मात्र वेगळ्या यंत्रणेकडे असतात. इंग्लंडमध्ये वस्तीतल्या रस्त्यांवरची मृत जनावरे स्थानिक कौन्सिल उचलते, तर मोटरवे आणि प्रमुख मार्गांची जबाबदारी नॅशनल हायवेज या संस्थेची आहे. भारतात राष्ट्रीय महामार्गावरच्या घटनेसाठी १०३३ हा क्रमांक आहे. खासगी वसाहतीच्या आतला रस्ता असेल तर पालिका बहुधा हात वर करते, आणि तिथे वसाहतीच्या व्यवस्थापनालाच पुढाकार घ्यावा लागतो.

हद्दीची टोलवाटोलवी मी स्वतः अनुभवली आहे. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, बरोबर त्या तोंडाशी एक तपकिरी कुत्री मेलेली पडली होती. डोके मोठ्या रस्त्याच्या नव्या डांबरावर आणि मागचे पाय गल्लीच्या जुन्या, खडी निघालेल्या भागावर. पहिल्या कार्यालयाने ती जागा दुसऱ्याकडे येते म्हणून सांगितले, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवले, आणि एवढ्यात दुपार झाली. मी दोन्हीकडे "गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या झाडाजवळ" असेच सांगत होतो. तिसऱ्या वेळी शेजारच्या पथदिव्याच्या खांबावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांक वाचून दाखवला आणि हा खांब तुमच्या नोंदीत आहे का, एवढेच विचारले. पलीकडच्या बाईंनी वही चाळली, "हो, आमचाच आहे" म्हणाल्या, आणि तासाभरात गाडी आली. तेव्हापासून मी जागा सांगताना कार्यालयाच्या दप्तरात ज्या खुणा आधीच नोंदलेल्या आहेत, त्याच आधी शोधतो. पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक, महामार्गावरचा किलोमीटरचा दगड, पुलावर किंवा मोरीवर रंगवलेला क्रमांक, वॉर्डाचा क्रमांक, यांतले काहीही सांगितले की ऐकणाऱ्याला नकाशा उघडावा लागत नाही. यांतले काहीच नसेल तर फोनवरच्या नकाशातले अक्षांश-रेखांश कळवावेत. दशांश चिन्हानंतर पाच अंक दिले की जागा सुमारे एका मीटरपर्यंत नेमकी ठरते.

जागेपाठोपाठ प्राण्याचा आकार सांगणे महत्त्वाचे असते, कारण मांजरासाठी एक माणूस आणि पिशवी पुरते, पण म्हशीसाठी उचलण्याचे यंत्र लागते आणि ते वेगळ्या आगारातून येते. "मोठे जनावर" असे मोघम सांगितल्यास पिशवी घेऊन आलेला माणूस हात हलवत परत जातो, आणि नोंदवहीत मात्र भेट दिल्याची नोंद पडते. कलेवर कडेला आहे की भर रस्त्यात, वाहतुकीला अडथळा होतो आहे का आणि ते केव्हापासून पडले आहे, हेही सांगावे. तक्रार लेखी किंवा ॲपवर करायची असेल तर मजकूर असा असावा:

"महोदय, मुख्य रस्त्यावर पथदिव्याचा खांब क्रमांक अमुक याच्या पूर्वेस, रस्त्याच्या डाव्या बाजूस, साइडपट्टीपासून दोन फूट आत एक मध्यम आकाराचा कुत्रा आज सकाळी सात वाजल्यापासून मृतावस्थेत पडला आहे. गळ्यात लाल पट्टा आहे. दुचाकीस्वारांना तो चुकवावा लागत असल्याने अपघाताचा धोका आहे. कृपया तातडीने उचलण्याची व्यवस्था करावी आणि तक्रार क्रमांक कळवावा. सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत."

दोन छायाचित्रांपैकी एक लांबून घ्यावे, ज्यात खांब, दुकानाची पाटी किंवा वळण दिसेल. दुसरे एवढेच जवळून असावे, की प्राणी ओळखता यावा. अंगावर काटा आणणारी छायाचित्रे पाठवून काम लवकर होते असे मला कधी आढळले नाही. छायाचित्रासाठी रस्त्यात उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

फोनवर तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय बोलणे संपवू नये, आणि किती वेळात काम होते हेही तिथेच विचारून घ्यावे. सांगितलेली वेळ उलटली तर नवी तक्रार करू नये; तसे केल्यास जुनी नोंद बाजूला पडते आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन विचारणा करावी आणि त्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकाचा किंवा मुकादमाचा संपर्क मागावा, कारण गाडी कुठे जायची हे प्रत्यक्षात तोच ठरवतो. काम न होताच तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला तर चिडून फोन करण्याऐवजी त्याच कोनातून, वेळेची नोंद असलेले ताजे छायाचित्र काढून तीच तक्रार पुन्हा उघडावी. एवढ्यानेही हालचाल झाली नाही तर विभागप्रमुखांना लेखी कळवावे आणि प्रत स्थानिक लोकप्रतिनिधीला द्यावी. फोन घेणाऱ्या माणसाशी मात्र सौजन्याने बोलावे. गाडी त्याच्या हाताखाली नसते, पण आपली तक्रार नीट लिहायची की कशीबशी, हे त्याच्या हाती असते.

गळ्यात पट्टा किंवा बिल्ला दिसला तर तो तक्रारीत नमूद करणे ही माणुसकीची गोष्ट आहे. पाळीव कुत्र्यामांजराच्या कातडीखाली, खांद्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असू शकते आणि तिच्यावरचा क्रमांक बहुधा पंधरा अंकी असतो. कलेवराची विल्हेवाट लावण्यापूर्वी चिप तपासावी, अशी विनंती पहिल्याच फोनमध्ये करावी. एकदा ते गाडीत पडून इतर कचऱ्यात गेले की मालकाला आपले जनावर कुठे गेले हे कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे कुत्रा, घोडा, गुरे, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर किंवा बकरी यांना धडक बसल्यास चालकाने थांबणे आणि मालकाला तपशील देता आला नाही तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, पण त्या यादीत मांजर नाही. हरवलेल्या मांजराचा शोध घेणाऱ्या घराला उत्तर मिळते ते बहुतेक वेळा अशा एखाद्या शेजाऱ्याने दिलेल्या तपशिलामुळेच.

मृत प्राणी वन्य असेल तर स्वच्छता विभागाबरोबर वन विभागालाही कळवावे आणि पिसे, शिंगे, कातडे यांना हात लावू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्यामुळे रस्त्यात पडलेले अशा संरक्षित पक्ष्याचे साधे पीसही परवान्याविना जवळ बाळगता येत नाही. शिवाय शिकार, विषबाधा की वाहनाची धडक, हे वन कर्मचाऱ्यांना ठरवायचे असते, आणि कलेवर हलवले की तो पुरावा नाहीसा होतो.

गाडी येईल तेव्हा शक्य असल्यास बाहेर उभे राहून जागा दाखवावी आणि उचलणाऱ्याला हात धुवायला पाणी व साबण द्यावा. उचलून झाल्यावर त्या जागी जंतुनाशक पावडर टाकायला सांगावे, कारण रक्ताचा डाग राहिला की त्याच्या वासाने कुत्री दुसऱ्या दिवशीही त्याच वळणावर येतात.

एकाच ठिकाणी वारंवार जनावरे मरत असतील तर प्रत्येक वेळी फक्त उचलून घेणे पुरेसे नाही. एक छोटी वही करून तारीख, वेळ, प्राणी आणि खांबाचा क्रमांक लिहीत जावे. अशाच साध्या नोंदींवर कॅलिफोर्नियात २००९ पासून आणि ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठात २०१३ पासून रस्त्यांवर मेलेल्या प्राण्यांची मोजणी चालू झाली, आणि त्यांत नागरिकांनी कळवलेल्या घटनांचा मोठा वाटा आहे. काही महिन्यांच्या नोंदी हाताशी आल्या की रस्त्याच्या मालक यंत्रणेकडे नेमकी मागणी करता येते: वळणावरची झुडपे छाटावीत, कुत्र्यांना ओढणारा कचऱ्याचा ढीग हलवावा, गतिरोधक किंवा इशारा फलक लावावा, रस्त्याखालची तुंबलेली मोरी मोकळी करावी, म्हणजे लहान प्राण्यांना खालून पलीकडे जाता येईल. या अर्जाला वहीच्या पानांची प्रत जोडावी आणि प्रत्येक नोंदीसमोर तिचा तक्रार क्रमांक लिहावा, म्हणजे कार्यालयाला तो स्वतःच्याच दप्तरात पडताळून पाहता येईल.