रील टाकण्याआधी झाडावरचा कागद वाचा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहिते. अशा बाईनं इन्स्टाग्रामवरचं आंदोलन कसं करावं हे सांगणं म्हणजे जरा गंमतच आहे. पण गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्याच्या गावातल्या झाडांपायी मी रील पण केलेत आणि नगरपालिकेच्या आवक खिडकीपुढे, म्हणजे जिथं लोकांचे अर्ज घेतात तिथं, रांगेत पण उभी राहिलेय. कॉलेजची पोरं अधूनमधून मेसेज करतात, "ताई, काय पोस्ट करू?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी आमची फजिती. बायपासला लागणाऱ्या रस्त्यावरची 23 झाडं जाणार अशी कुणकुण लागली. माझा मावसभाऊ तेव्हा बारावीत होता. कुठलं ऑडिओ सध्या चालतंय, कॅमेरा कुठल्या कोनातून धरायचा, हे त्याला तोंडपाठ. आम्ही पाच जण गेलो, चिंचेच्या बुंध्याला मिठ्या मारल्या आणि 40 सेकंदांचा रील केला. चार दिवसांत 1 लाख 80 हजार व्ह्यूज. पुण्यामुंबईची माणसं हात जोडलेल्या इमोजी टाकत होती. आम्ही हवेत. पाचव्या दिवशी कुणीतरी कमेंटमध्ये विचारलं, "मागे बुंध्यावर कागद कसला चिकटवलाय?"

झूम करून पाहिलं. नगरपालिकेची नोटीस होती. माझ्या खांद्याच्या जरा वर चिकटवलेली. हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी, आणि खाली निळ्या पेनानं तारीख. ते सात दिवस आदल्या दिवशी संपले होते.

तरी गेले. खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "या विषयात हरकती निरंक." म्हणजे एकही नाही. 1 लाख 80 हजार लोकांनी पाहिलं, आणि रजिस्टरात निरंक. आमच्या दुकानात शेठ रोज कुणाला ना कुणाला ऐकवतात, "पट्टी दाखवा, मग बोला." पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद. मी तेच वाक्य आठ वर्षं ऐकत होते, पण ते झाडालाही लागू पडतं हे त्या दिवशी कळलं.

म्हणून पहिली गोष्ट: फोन काढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. महापालिकेला आहे तसा नगरपालिकेलाही. तोडीच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर लावावी लागते आणि वर्तमानपत्रातही द्यावी लागते. पेपरात ती निविदांच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात सापडते. नोटीस हाती लागली की तिचा सरळ, उजेडात फोटो घ्या. फिल्टर नको. नोटीस कुणाच्या सहीची, तारीख कुठली, झाडं किती आणि कुठल्या जातीची, हरकत कुणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं वाचता आलं पाहिजे.

मग झाडं स्वतः मोजा. नोटिशीत 14 आणि रस्त्यावर 19 असं होऊ शकतं. कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीत तर 200 किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवायचं ठरलं होतं, एवढं आकड्याला महत्त्व. त्याच दुरुस्तीत 50 वर्षं आणि त्यापुढच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटलंय. आता वय कसं दाखवायचं? आम्ही एसटी स्टँडजवळच्या पिंपळासाठी आजीचा लग्नाचा अल्बम काढला. 1968 सालचा फोटो. वऱ्हाड बसमधून उतरतंय, आजोबांच्या फेट्याच्या मागे तोच पिंपळ, तेव्हाही चांगला दोन पुरुष उंच. त्या फोटोची झेरॉक्स हरकतीला जोडली. आजीला वाटलं आपला फोटो सरकारदरबारी गेला म्हणजे आता पेन्शनचं काहीतरी होणार.

हरकतीचा अर्ज अगदी साधा ठेवा. एक पान. "प्रति, मा. वृक्ष अधिकारी तथा मुख्याधिकारी" आणि नगरपालिकेचं नाव. विषय: अमुक तारखेच्या नोटिशीवर हरकत. नोटिशीचा जावक क्रमांक (कार्यालयातून बाहेर गेलेल्या कागदाचा नंबर) असेल तर तो हमखास टाका, त्यावरूनच ती फाइल सापडते. खाली तुम्ही कोण, त्या रस्त्याशी तुमचा संबंध काय (शाळा, दुकान, रोजचं येणंजाणं), कुठलं झाड, आणि पर्याय काय. पृथ्वी, प्राणवायू, भावी पिढ्या हे सगळं रीलसाठी राखून ठेवा. आमच्या दुसऱ्या वेळच्या, म्हणजे स्टँडरोडच्या 14 झाडांच्या, अर्जात गटाराची लाइन चार फूट पूर्वेला घेतली तर नऊ झाडं वाचतात, असा हातानं काढलेला नकाशा होता. तो नकाशा माझ्या मावसभावाच्या आयटीआयमधल्या मित्रानं टेप लावून, मोजून काढला होता. त्या पोराचं इन्स्टाग्रामवर खातंसुद्धा नाही.

तीनशे सह्यांचा एक अर्ज देऊ नका. रजिस्टरात त्याची एकच ओळ होते, एकच आवक क्रमांक. तीस जणांनी तीस अर्ज दिले तर तीस ओळी. आणि तीसही कॉपी-पेस्ट नकोत. प्रत्येकानं निदान दोन वाक्यं आपली लिहावीत.

खिडकीवर जाताना दोन प्रती न्या. एक त्यांची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. ह्याला पोच म्हणतात. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" असं कुणी म्हणालं तर हसतमुखानं तिथंच उभं राहायचं. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका, शिक्का कपाटात गेलेला असतो. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

आता पोस्ट. हो, आत्ता. पोच हातात आल्यावर.

आमची दुसऱ्या वेळची पोस्ट अशी होती: वर पोच आलेल्या अर्जाचा फोटो, त्यावरचा पत्ता आणि फोन नंबर काळ्या पट्टीनं झाकलेला. खाली, "स्टँडरोडवरची 14 झाडं. हरकतीची शेवटची तारीख गुरुवार, पूर्ण तारीख आणि साल. आवक खिडकी तळमजला, सकाळी 11 ते 1. कोरा अर्ज चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय, दोन प्रती घ्या. पोच घेतल्यावर फोटो मला पाठवा." बस. साल लिहायचं विसरू नका. नाहीतर तीच पोस्ट पुढच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येते आणि लोक भलत्याच दिवशी खिडकीवर जाऊन भांडतात. मुख्यमंत्री, पंतप्रधान आणि तीन नटांना टॅग करण्यापेक्षा त्या रस्त्यावरच्या चार दुकानदारांना लिंक पाठवा. ह्या पोस्टला व्ह्यूज आले 2,300. पोच आल्या 31. चौदापैकी नऊ झाडं राहिली.

आता रीलला मी नावं ठेवतेय असं समजू नका. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. मिरज तालुक्यात भोसे गावी यल्लम्मा देवळाजवळ सुमारे 400 वर्षांचा वड, रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. 2020 चा जुलै, लॉकडाऊन, चार माणसं एकत्र जमायची सोय नाही. तेव्हा त्या वडाचे फोटो फिरले, बातम्या झाल्या, तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरेंनी केंद्रीय रस्ते मंत्री नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलायचं ठरलं. फोन नसता तर भोशाचा वड भोशाबाहेर कुणाला ठाऊक झाला असता? सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ग्रामसभेत बोलू देत नाहीत, घरात बोलू देत नाहीत. मोबाइलवर तो बोलतो आणि कुणीतरी ऐकतं. ही ओढ खरी आहे, तिला उगाच हसू नये.

पण वेळ आली की स्क्रीन किती तोकडी पडते ते मुंबईतल्या आरेनं, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथं झालेल्या झाडतोडीनं, दाखवलं. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. माझ्या फोनवर रात्रभर व्हिडिओ येत होते. सांगलीत बसून मी ते पुढे ढकलत होते. तिकडे जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. 7 तारखेला, दसऱ्याच्या सुट्टीत, सर्वोच्च न्यायालयानं बसून तोड थांबवली तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. आणि न्यायालय बसलं ते कशावर? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावर. तिथंही शेवटी कागदच. अर्थात कागदाचाही गर्व नको, आरेत तर हजारो हरकती दिल्या होत्या. हरकत दिली म्हणजे झाड वाचलंच असं नाही. पण न दिलेली हरकत कोर्टात दाखवता येत नाही, एवढं नक्की.

कॉपी-पेस्टचंही तेच. 2020 साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे ईआयएच्या, नव्या मसुद्यावर देशभरातून लाखो ईमेल गेले. मुदत दिल्ली उच्च न्यायालयानं 11 ऑगस्टपर्यंत वाढवून दिली होती. मीही पाठवला. बटण दाबलं की मजकूर आपोआप भरून येत होता, मला वाचायचीही गरज पडली नाही. मला ह्या सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: मसुदा राज्यघटनेतल्या सगळ्या अनुसूचित भाषांत, म्हणजे मराठीतही, द्या म्हणून कुणीतरी कोर्टात गेलं आणि न्यायालयानं तसं सांगितलं. माझ्या वडिलांना इंग्रजी मसुद्यावर काय हरकत घेता येणार होती? तुमच्या गटात कुणाला चांगलं मराठी लिहिता येत असेल तर त्याला नोटिशीचं सोप्या भाषेत दहा ओळींचं टिपण करायला लावा. रील बनवणारे गल्लोगल्ली मिळतात.

दोन्ही हातांनी काम कसं करायचं ते गोव्याकडून शिका. मोलेच्या अभयारण्यातून जाणारं रेल्वेचं दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग अशा तीन प्रकल्पांविरुद्ध तिथल्या पोरांनी चित्रं काढली, फुलपाखरांची माहिती दिली, ती भराभर फिरली. पण 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदरला हजारो लोक रेल्वेमार्गावर येऊन उभेही राहिले, आणि शेजारी गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेची कोर्टातली लढाई चालूच होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

थोडं जपायचंही आहे. 2012 मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून आणि ती लाइक केल्यावरून दोन मुलींना अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ कलम 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं, पण गुन्हा नोंदवायला बाकी कलमं आहेत. अधिकाऱ्याचा घरचा पत्ता, त्याच्या मुलांचे फोटो, "पैसे खाल्ले" असली पुराव्याशिवायची वाक्यं टाकू नका. शाळकरी मुलांचे चेहरे घेऊ नका. दुसऱ्या गावच्या तोडीचा जुना फोटो आपला म्हणून वापरलात तर समोरच्याला तेवढंच पुरतं. आमच्यातल्या एकानं असा फोटो टाकला होता. पुढचे दोन महिने झाडांऐवजी त्या फोटोवरच बोलणं चालू होतं.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि त्याला एकही लाइक मिळत नाही. झाडं गेली किंवा वाचली की एक तारीख वहीत लिहा, साधारण वर्षभरानंतरची. त्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज करा: बदल्यात किती झाडं लावली, कुठे, आज किती जिवंत आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

स्टँडरोडची पाच झाडं गेली त्याबद्दल मी असा अर्ज केला. मावसभाऊ दरम्यान दोनदा जागेवर जाऊन आला आणि त्यानं व्हिडिओ पण काढून ठेवलाय: ओळीनं रिकामे खड्डे, एकात कुणीतरी तुळस लावलेली. पोस्ट करू का म्हणून तो रोज विचारतो. उत्तर अजून आलेलं नाही. तीस दिवस येत्या मंगळवारी संपतात, अपिलाचा कागद माझ्या पर्समध्ये तयार आहे आणि बुधवारी मी दुकानातून अर्धी रजा टाकली आहे.