घरातले सगळे पहिल्यांदाच वारीत चालणार? मग टप्पा असा निवडा

ज्येष्ठ लागला की फोन सुरू होतात. "मावशी, यंदा आम्ही सगळेच येतोय. सासूबाई आहेत, धाकटा पहिलीत आहे. आळंदी ते पुणे चाललं तर जमेल ना?" मी आमच्या दिंडीच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर असते, म्हणून लोकांना वाटतं हिला सगळं ठाऊक. सगळं नाही, पण चालून आलेलं माणूस पंगतीला बसलं की त्याला टप्पा झेपला की नाही ते तोंडावरून कळतं. त्यावरूनच सांगते.

माउलींबरोबर जायचं की तुकोबारायांबरोबर, हा प्रश्न मागाहून. आधी घरातलं सगळ्यात कमी चालणारं माणूस शोधा. ती आजीच असेल असं धरून चालू नका. जन्मभर शेतात राबलेली आजी तुरूतुरू पुढे जाते आणि दिवसभर खुर्चीत बसणारा तिचा मुलगा दुपारपर्यंत लंगडायला लागतो. निघण्याआधी महिनाभर सगळ्यांनी डांबरी रस्त्यावर चालून बघा. बागेतल्या मातीवर चाललेलं इथे कामाला येत नाही. आणि नुसतं चालू नका, मधे अर्धा तास उभे राहा. दिंडी सारखी थांबत थांबत जाते. म्हाताऱ्या माणसांना चालण्यापेक्षा ते उन्हात तिष्ठत उभं राहणं जड जातं.

आता टप्पे. पुण्यामुंबईची माणसं ठरवून दोनच टप्पे मागतात. एक आळंदी-पुणे, दुसरा पुणे-सासवड दिवेघाटातून. दोन्ही मी नको म्हणते. पहिला जवळजवळ 30 किलोमीटरचा, आणि अर्धी वाट शहराच्या गर्दीतून. दुसराही तेवढाच, शिवाय वडकी सोडली की घाटाची चढण. त्यात त्या दिवशी बहुधा एकादशी असते, म्हणजे वाटेत मिळणार साबुदाणा, केळी, राजगिऱ्याचे लाडू. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजोबांना रिकाम्या पोटी घाट चढवायची हौस कशाला? घाटाचा फोटो वर्तमानपत्रात येतोच दरवर्षी.

मला विचाराल तर लोणंद ते तरडगाव. साधारण 8 किलोमीटर, सपाट रस्ता. माउलींच्या वाटेवरच्या सगळ्यात छोट्या टप्प्यांपैकी हा एक. पालखी लोणंदहून दुपारी हलते, त्यामुळे पहाटे तीनला उठून टँकरखाली अंघोळीला नंबर लावायला नको. घरून किंवा लॉजवरून आवरून या. लोणंद पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे, म्हणजे गाडी कुठे लावायची ही कटकट नाही. एकच सांभाळा. तिथींच्या वाढ-क्षयानुसार लोणंदचा मुक्काम कधी एक दिवसाचा असतो, कधी जास्त. मागच्या वर्षीची तारीख धरून रजा टाकू नका, आळंदी संस्थानाचं यंदाचं वेळापत्रक बघा.

शिवाय याच वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथे होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात, मधली पट्टी चोपदार, म्हणजे हातात दंड घेऊन शिस्त राखणारे मानकरी, मोकळी करतात आणि त्यातून दोन अश्व दौडतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, तो माउलींचा. पोरांना खांद्यावर घ्या. आजी-आजोबांना मात्र पहिल्या रांगेत उभं करू नका, दोन-तीन रांगा मागे ठेवा. घोडा जाताना कुणी ढकलत नाही. खरी रेटारेटी घोडा गेल्यावर होते, कारण टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम खाली वाकतात. तेवढी दोन मिनिटं आजीचा दंड धरून ठेवा. माती मग निवांत मिळते, ती कुठे पळून जात नाही.

दुसरी निवड तुकोबारायांच्या वाटेवरची, बारामती ते काटेवाडी. साधारण 10 किलोमीटर. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, म्हणजे मेंढ्या पालखीभोवती धावतात. लहान मुलं त्या मेंढ्यांपुढे घोड्यालाही विसरतात. इथे सकाळी लवकर निघावं लागतं, पण दुपारपर्यंत तुमचं चालणं संपतं.

घरात कॉलेजातली मुलं जास्त असतील तर सासवड-जेजुरी, सुमारे 16 किलोमीटर. पण त्याच दिवशी गडाच्या पायऱ्यांचा हट्ट नको. फलटणच्या पुढे पहिल्या वर्षी जाऊच नका. टप्पे लांब होत जातात, आणि काळ्या रानात पाऊस लागला की चप्पल एका जागी राहते, पाय दुसऱ्या.

टप्पा ठरला की परत कसं यायचं ते आधी ठरवा, निघायचं नंतर. पालखीमार्गावर वाहतूक वळवलेली असते. "आजी दमली, ड्रायव्हरला बोलावतो" हे तिथे होत नाही. सोपा हिशेब असा, की पालखी पुढे सरकली की मागचा रस्ता मोकळा होतो. म्हणून तरडगावला रात्र काढा आणि सकाळी पालखी फलटणकडे गेल्यावर लोणंदला माघारी या. कुणाला भोवळ वगैरे आलीच तर गाडीची वाट बघत बसू नका, वाटेवर सरकारी आरोग्य पथकं आणि रुग्णवाहिका असतात, तिकडे न्या.

रात्र काढायची तर ओळखीच्या दिंडीला महिनाभर आधी सांगून ठेवा आणि भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चातला आपला वाटा, भरा. ऐन वेळी सातजण उभे राहिले तर आम्ही नाही म्हणत नाही, पण भाकऱ्या कुणाच्या तरी वाटच्या कमी होतात. दिंडीत चालणं झेपत नसेल तर मोकळ्या समाजात, म्हणजे दिंडीबाहेर चालणाऱ्या वारकऱ्यांत, चाला. तिथे रांग नाही, थांबलात तरी कुणाचा खोळंबा नाही.

सामान ट्रकमध्ये टाका, पण गोळ्या, चष्मा आणि पाणी अंगावर. ट्रक पुढे निघून जातो आणि थेट मुक्कामाला भेटतो. आजोबांची रक्तदाबाची गोळी तांदळाच्या पोत्याखाली आणि आजोबा चार किलोमीटर मागे, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच. नवे बूट नकोत, जुनी सवयीची चप्पल घाला. आजीची साडी दोन बोटं वर नेसवा, भिजलेला काठ पायात येतो.

बायकांनी पाणी कमी प्यायचं, कारण जायची सोय नाही, हे मला अजिबात पसंत नाही. आता फिरती शौचालयं असतात. ती सकाळी स्वच्छ असतात आणि संध्याकाळी रांग लागते, हे लक्षात ठेवून वेळा सांभाळा. सासूबाई लाजून बोलणार नाहीत, सुनेनंच मधूनमधून विचारावं.

मुलांच्या खिशात चिठ्ठी हवीच, गर्दीत मोबाइल लागेलच असं नाही. चिठ्ठीवर नाव, घरच्या दोघांचे नंबर आणि दिंडी क्रमांक. क्रमांकाआधी "रथापुढे" किंवा "रथामागे" हे ठळक लिहा. माउलींच्या पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या असतात आणि रथामागचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसतं "12" लिहिलेलं पोर भलत्याच दिंडीत जाऊन जेवतं. कुणी चुकलंच तर समाजआरतीच्या, म्हणजे मुक्कामी पोचल्यावर होणाऱ्या आरतीच्या, वेळी पालखीतळावर या. चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा समाज चिडीचूप होतो आणि हरवल्या-सापडल्याचं तिथे पुकारतात.

पंढरपूर? वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथून पुढची गर्दी लहानग्यांना घेऊन पहिल्या वर्षी नको. दर्शन वेगळं ठेवा. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालख्या परतीला लागतात. त्यानंतर आठवडाभराने सगळ्यांना गाडीने घेऊन जा. रांगेत उभं राहवत नसेल त्यांच्यासाठी मुखदर्शनाची रांग निराळी असते.