चीनमध्ये घटस्फोट हवाय पण जोडीदार तयार नाही? मग या चुका टाळा

दोघंही राजी असतील तर चीनमध्ये काडीमोड घेणं तसं सोपं आहे. मिन्झेंगजू म्हणून सरकारी ऑफिस असतं तिथे दोघांनी जायचं, अर्ज द्यायचा, ३० दिवस थांबायचं आणि त्यानंतरच्या ३० दिवसांत परत दोघांनी जाऊन सर्टिफिकेट घ्यायचं, झालं. पण एकजण अडून बसला की सगळं भिजत घोंगडं होतं आणि लोक त्यात वर्षानुवर्षं अडकतात. माझी एक मैत्रीण, मूळची पुण्याची, लग्न करून क्वांगतोंग प्रांतात स्थायिक झालेली, नवरा तिथलाच. तिच्यासोबत ऑफिस, पोलीस चौकी, कोर्ट असे किती खेटे घातले त्याची गणती नाही, आणि तिचे जे दोन-तीन वर्षं फुकट गेले ते कायदा वाईट म्हणून नाही तर आम्हाला वेळेवर कोणी नीट सांगितलं नाही म्हणून गेले. म्हणून हे लिहितेय.

"पुढच्या महिन्यात नक्की येतो" यावर विसंबणं

१ जानेवारी २०२१ पासून चीनची नवी नागरी संहिता लागू झाली आणि तिच्यात हा ३० दिवसांचा शांत होण्याचा काळ आला. याचा इतका परिणाम झाला की २०२० मध्ये ऑफिसात नोंदवलेले घटस्फोट ३७ लाखांच्या वर होते ते २०२१ मध्ये २१ लाखांवर आले. आता यातली खोच बघा, या ३० दिवसांत दोघांपैकी कोणीही एकट्याने जाऊन अर्ज मागे घेऊ शकतो, आणि नाही घेतला तरी पुढच्या ३० दिवसांत एकजण आलाच नाही तर अर्ज आपोआप रद्द. म्हणजे अडवणाऱ्याला काही करावंच लागत नाही, नुसतं घरी बसलं तरी पुरतं.

मैत्रिणीच्या बाबतीत हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तर ती लग्नाची लाल पुस्तिका हातात घट्ट धरून खिडकीसमोरच्या बाकावर दोन तास बसली होती, दर पाच मिनिटांनी फोन बघायची, आणि शेवटी वीचॅटवर, म्हणजे तिकडच्या मेसेज आणि पैसे पाठवायच्या ॲपवर, नवऱ्याचं एवढंच आलं की आज मीटिंग आहे. असं एकदा झालं की समजा, दुसऱ्यांदा त्याच रांगेत उभं राहू नका, सरळ कोर्टाची तयारी करा. आणि अर्जाच्या वेळी दोघांनी सही केलेला जो करार असतो, घर कोणाला, मूल कोणाकडे, त्याच्या जोरावर कोर्टात जिंकू असं वाटत असेल तर तेही नाही, कारण घटस्फोट झाला नाही आणि समोरच्याने मला हे मान्य नाही म्हटलं की तो करार लागूच होत नाही.

एक अफवा पण ऐकाल, की जो आधी केस टाकतो त्याला मालमत्तेत कमी मिळतं. असा काही नियम नाही. कोण आधी गेलं यावर वाटणी ठरत नाही.

दोन वर्षं वेगळं राहिलो म्हणजे आपोआप सुटलो असं समजणं

हा गैरसमज तर इतका पसरलाय की शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. चीनमध्ये आपोआप घटस्फोट नावाचा प्रकारच नाही. संहितेच्या कलम १०७९ मध्ये आहे ते असं की पती-पत्नीमधलं प्रेम, मन खरोखर तुटलंय, ज्याला तिकडे गानछिंग फोलिए म्हणतात, हे कोर्टाला पटलं आणि समेट झाला नाही तर घटस्फोट द्यायचा, आणि ते पटवायची काही ठरलेली कारणं आहेत: दुसरं लग्न किंवा दुसऱ्याबरोबर संसार, मारहाण, छळ, वाऱ्यावर सोडणं, जुगार किंवा ड्रग्जचं व्यसन सांगूनही न सुटणं, आणि न पटल्यामुळे दोन वर्षं वेगळं राहणं. "न पटल्यामुळे" हे शब्द महत्त्वाचे. नवरा कामासाठी शेन्चेनला आणि बायको गावी, असं पाच वर्षं असलं तरी ते यात बसत नाही. एकाच घरात वेगवेगळ्या खोलीत झोपतो हे सांगायला ठीक आहे पण सिद्ध कसं करणार.

त्यामुळे वेगळं राहायचं ठरवलं त्याच दिवसापासून पुरावा जमवायला लागा, नंतर आठवून काही मिळत नाही. भाड्याच्या घराचा करार स्वतःच्या नावावर करा, भाडं रोख न देता वीचॅट किंवा अलीपे या ॲपने द्या म्हणजे महिन्या महिन्याची नोंद राहते, पोलिसांकडे नव्या पत्त्याची नोंद करा. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे जोडीदाराला साधा मेसेज करा की आपलं पटत नाही म्हणून या तारखेपासून मी वेगळी राहतेय, आणि त्याचं काहीही उत्तर आलं, अगदी चिडून आलं तरी, ते जपून ठेवा. चिडलेल्या उत्तरातच बहुतेक वेळा तारीख कबूल झालेली असते. फक्त स्क्रीनशॉट नको, ज्या फोनवर ते संभाषण आहे तो मूळ फोन पण सांभाळा, कोर्टात तो उघडून दाखवायला सांगतात. मैत्रिणीने नवा फोन घेताना जुना एक्सचेंजमध्ये द्यायला काढला होता, अक्षरशः दुकानाच्या दारातून परत आणला आम्ही.

पहिली केस मागे घेणं

ही चूक मी सगळ्यात मोठी मानते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे मनाशी पक्कं करा की मारहाण वगैरे ठोस काही सिद्ध झालं नसेल आणि समोरचा कोर्टात उभा राहून "माझं अजून प्रेम आहे" म्हणाला तर पहिल्या वेळी कोर्ट बहुतेक वेळा घटस्फोट नाकारतंच. हे ऐकून धक्का बसतो, पण यात तुमचं काही चुकलंय असं नाही. उलट त्या नकारामुळे एक दार उघडतं. त्याच कलम १०७९ मध्ये २०२१ पासून लिहिलंय की कोर्टाने नकाराचा निकाल दिल्यावर दोघं पुन्हा एक वर्ष वेगळे राहिले आणि एकाने परत केस टाकली तर घटस्फोट द्यायलाच हवा. म्हणजे पहिला नकार हा तुमच्या दुसऱ्या केसचा पाया आहे.

आता होतं काय, सुनावणीआधी किंवा नंतर तुम्हाला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं जातं की तसंही यावेळी मिळणार नाही, कशाला निकाल लावून घेता, अर्ज मागे घ्या, नंतर बघू. मैत्रिणीने घेतला मागे. तिला वाटलं तेवढीच कटकट कमी. वर्षभर एका खोलीच्या घरात काढलं, सगळ्या पावत्या पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलमध्ये महिन्याप्रमाणे लावल्या, आणि परत गेली तर वकिलाने पहिला प्रश्न विचारला, नकाराचा निकाल कुठाय? तो नव्हताच. केस मागे घेतली म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे एक वर्षाचा नियम लागू नाही. वर परत केस टाकायला सहा महिने थांबावं लागतं ते वेगळंच, ते बंधन केस मागे घेतली तरी असतं आणि नाकारली गेली तरी असतं, काही नवीन कारण घडलं तरच त्यातून सूट. त्या दिवशी ती वकिलाच्या ऑफिसच्या जिन्यात बसून रडली ते मी विसरू शकत नाही.

तेव्हा घटस्फोट नाकारला जाणार असं दिसत असेल तरी निकाल लेखी घ्या. आणि समेटाच्या कागदावर सही करताना पण वाचून करा, पुन्हा एकत्र राहायला तयार असं त्यात असेल तर तोही नकाराचा निकाल धरला जात नाही.

सहा महिने आणि एक वर्ष यात पण लोक गोंधळतात. सहा महिन्यांनी तुम्ही केस टाकू *शकता*, पण घटस्फोट द्यायलाच हवा हा जोर एक वर्ष वेगळं राहिल्यावरच येतो. घाई करून सातव्या महिन्यात गेलात तर परत सगळं न्यायाधीशाच्या मतावर. आणि त्या एका वर्षात सणाला, चिनी नववर्षाला, सासूबाई आजारी म्हणून, मुलाच्या हट्टासाठी परत त्या घरी राहायला जाऊ नका. भेटा, मुलाला घेऊन जेवा, पण मुक्काम करू नका, समोरचा त्याचेच फोटो कोर्टात आणतो.

हुनान प्रांतातल्या एका बाईची गोष्ट तिकडच्या बातम्यांमध्ये खूप गाजली होती, नवरा जुगारी, धमक्या देणारा, तिने पाच वेळा केस टाकली, चार वेळा नकार, आणि २०२१ मध्ये पाचव्यांदा सुटली. इतका धीर सगळ्यांना कुठून असणार. म्हणून पहिल्यापासून कागद नीट हवेत.

मारहाण झाली तरी घरातली गोष्ट म्हणून गप्प बसणं

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा १ मार्च २०१६ पासून आहे आणि तो कागदावरच आहे असं समजू नका, पण तुम्ही ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन केलाच नाही तर तो तुमच्यापर्यंत येणार कसा. प्रत्येक वेळी फोन करा, पोलिसांकडून नोंदीची पावती मागा, जोडीदाराला लेखी ताकीद द्यायला सांगा, त्या ताकीदपत्राला कोर्टात फार वजन असतं. दवाखान्यात गेल्यावर "पडले" असं सांगू नका, कोणी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. नवरा माफी मागतो, परत हात उचलणार नाही असं लिहून देतो, तो कागद फाडू नका. संरक्षणाचा आदेश मागितला तर कोर्टाने ७२ तासांत ठरवायचं असतं, तातडीचं असेल तर २४ तासांत, आणि त्यासाठी घटस्फोटाची केस चालू असण्याची गरज नाही. तुम्ही आत्ता अशा घरात असाल तर बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी हे करा.

पैशाकडे उशिरा बघणं

केस टाकली हे कळल्याबरोबर खात्यातले पैसे भावाच्या, आईच्या नावावर जातात हे इतकं सर्रास आहे. नागरी संहितेच्या कलम १०९२ प्रमाणे लपवलेली, वळवलेली किंवा खोटं कर्ज दाखवून दाबलेली मालमत्ता सापडली तर तसं करणाऱ्याला कमी किंवा काहीच न देण्याची मुभा कोर्टाला आहे, आणि घटस्फोटानंतर सापडली तरी परत वाटणी मागता येते. पण कोर्टाला निदान बँकेचं नाव, खात्याचा नंबर, घराचा पत्ता काहीतरी द्यावं लागतं. भांडण पेटण्याआधीच घराचे कागद, गाडीचे कागद, बँकेच्या ॲपचे फोटो काढून ठेवा. २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित महिला हक्क संरक्षण कायद्यात जोडीदाराची मालमत्ता कोर्टाकडून शोधून मागायची सोय आहे, वकिलाला तसा अर्ज करायला सांगा. कोर्टाची फी मात्र फार नाही, ५० ते ३०० युआन, मालमत्ता २ लाख युआनच्या वर असेल तर वरच्या रकमेवर अर्धा टक्का.

मूल घेऊन पळणं

हे दोन्ही बाजू करतात, आजी-आजोबांच्या गावी मूल पाठवून देतात, की ताबा आपल्यालाच मिळेल. जून २०२१ पासूनच्या बाल संरक्षण कायद्यात मूल पळवणं, लपवणं याला स्पष्ट मनाई आहे. दोन वर्षांखालचं मूल साधारण आईकडे, आठ वर्षांवरच्या मुलाचं मत कोर्टाने विचारायचंच. समोरच्याने मूल लपवलं असेल तर तुम्ही तसंच करून बरोबरी करू नका, कोर्टाकडे मनाई आदेश मागा.

अजून काही गोष्टी ज्याने केस अडकते

केस साधारणपणे ज्याच्यावर टाकायची त्याच्या हुकोऊच्या, म्हणजे कायमच्या पत्त्याच्या सरकारी नोंदीच्या, ठिकाणी किंवा तो वर्षाहून जास्त जिथे राहतोय तिथे टाकावी लागते, आपल्या सोयीच्या शहरात टाकली तर परत येते. बायको गरोदर असताना, बाळंतपणानंतर एक वर्ष, किंवा गर्भपातानंतर सहा महिने नवऱ्याला सहसा केस टाकता येत नाही, बायकोला येते. वकील दिला तरी स्वतः हजर राहावं लागतं, आणि केस टाकणाराच कारण न देता गैरहजर राहिला तर केस मागे घेतली असंच धरतात, म्हणजे वरचा तो घोळ परत. जोडीदाराने लग्नाची पुस्तिका लपवली तरी अडत नाही, नोंदणी ऑफिसच्या दप्तरातून नोंद काढून मिळते. तो गायबच असेल तर जाहीर नोटीस देऊन केस पुढे चालू शकते.

भारतातून वकीलपत्र पाठवायचं असेल तर लक्ष द्या. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या करारात, आला तरी भारत-चीनमध्ये तो लागू नाही, त्यामुळे नोटरी, परराष्ट्र मंत्रालय आणि मग चिनी दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास हाच जुना रस्ता, आणि त्याला वेळ लागतो. आणि दोघंही आपल्याकडचे, लग्न महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याने झालेलं, फक्त नोकरी शांघायला, असं असेल तर मिन्झेंगजूत काम होणारच नाही कारण लग्न तिथे नोंदलेलं नाही. चिनी कोर्टात गेलात तर ते चिनी कायदा लावणार, आणि नुसतं मन तुटलं या कारणावरचा एकतर्फी निकाल भारतात टिकणं कठीण, आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल त्यावरच आहे. अशा जोडप्यांनी आपल्याकडच्या फॅमिली कोर्टाचा वकील आधी गाठावा.

आणि निकाल हातात पडला की लगेच दुसऱ्या लग्नाची बोलणी नकोत. अपिलाला १५ दिवस असतात, जोडीदार चीनबाहेर राहणारा असेल तर ३०, तोपर्यंत तुम्ही विवाहितच. कोर्ट घटस्फोटाची वेगळी पुस्तिका देत नाही, निकाल हाच कागद, पण तो लागू झाल्याचं एक पत्र मिळतं ते कोर्टात जाऊन मागून घ्या, शिक्का आणि तारीख तिथेच तपासा, कारण पुढे घर नावावर करायला ते विचारतात आणि आपणहून घरी येईलच असं नाही.