इंटरनेटवरची जुनी गाणी वाजत नाहीत? या चुका टाळा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सायबर कॅफेत बसून ‘सेव्ह’ केलेली गाणी आणि भाषणं अजून कुणाकुणाच्या सीडीवर पडून असतात. ती वाजली नाहीत की लोक आधी कन्व्हर्टर शोधायला लागतात. त्याआधी फाइलचा आकार बघा.

पाच मिनिटांचं गाणं आणि फाइल जेमतेम १ केबीची? मग ती बहुधा डॉट रॅम फाइल आहे, आणि तिच्यात गाणं कधी नव्हतंच. १९९५ मध्ये रिअलऑडिओ हे इंटरनेटवरून आवाज ऐकवायचं तंत्र आलं, ते सेकंदाला १४.४ किलोबिटच्या संथ मोडेमसाठी. अख्खी फाइल उतरेपर्यंत ताटकळायला नको म्हणून ब्राउझर नुसती पत्त्याची चिठ्ठी, म्हणजे ही डॉट रॅम फाइल, उतरवून प्लेअरच्या हातात द्यायचा आणि प्लेअर सर्व्हरवरून आवाज ओढत वाजवायचा. नोटपॅडमध्ये उघडून बघा. ओळ ‘पीएनएम’ किंवा ‘आरटीएसपी’ने सुरू होत असेल आणि तो सर्व्हर बंद झाला असेल, तर नाद सोडा, असला आवाज वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातही सहसा सापडत नाही. ‘एचटीटीपी’ असेल तर मात्र तो पत्ता जसाच्या तसा तिथे टाकून बघा, नशीब असेल तर मूळ फाइल मिळते. चिठ्ठीचं नाव बदलून डॉट एमपीथ्री केल्याने काही होत नाही. (करणारे आहेत!)

फाइल डॉट आरए किंवा डॉट आरएम (म्हणजे रिअलऑडिओचा प्रत्यक्ष आवाज) असेल आणि शेकडो केबींची असेल, तर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती बहुतेक वेळा सरळ वाजते. त्यासाठी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून जुना प्लेअर उतरवू नका. एमपीथ्री करून मूळ फाइल उडवूही नका. फाइल लहान करण्यासाठी आवाज आधीच पिळून काढलेला असतो, त्यात आणखी कशाला पिळायचा? प्रत हवीच तर वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये करा, त्यात आवाज आणखी पिळला जात नाही.

त्याहून जुना प्रकार डॉट एयू. कार्ल मलामुड यांचा १९९३ चा ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ हा इंटरनेटवरचा रेडिओ कार्यक्रम याच रूपात वाटला जायचा: सेकंदाला ८,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे २९ एमबी. हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) खराब असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘इम्पोर्ट रॉ डेटा’मधून यू-लॉ, मोनो, ८,००० हर्ट्झ निवडा. १६ बिट पीसीएम निवडलंत तर नुसती खरखर ऐकू येईल, आणि फाइल बिघडली असं समजून तुम्ही ती फेकून द्याल.

मिडी फाइल वेगळीच वाजते म्हणून घाबरू नका. तिच्यात आवाज नसतो, फक्त सुरावट असते. वाद्यं तुमच्या संगणकाची.

फ्लॅशचं अॅनिमेशन असेल तर रफल हा जुन्या फ्लॅश फाइली चालवणारा प्रोग्रॅम वापरा. अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट बंद केला, त्यामुळे आज ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हणणाऱ्या खिडकीवर क्लिक करायचंच नाही.